स्टोनवेअरची बरणी: ओल्या मातीवरच्या नक्षीपासून ग्लेझच्या भट्टीपर्यंत

घरात लोणच्याची जुनी बरणी असेल तर ती रिकामी करून, धुऊन-पुसून हातात घ्या आणि उलटी करा. तळाला एक खरखरीत कडं दिसेल. त्यावर चकाकी नाही, भाजलेली माती उघडी आहे. आता झाकण जिथे टेकतं ती खाच बघा. तीही बहुधा कोरडी असेल. मग बरणी सरळ ठेवा आणि वरचा तपकिरी रंग संपून खालचा सायीसारखा रंग सुरू होतो त्या रेघेवरून बोट फिरवा. ही रेघ कुणी कुंचल्याने ओढलेली नाही. बरणी आधी एका पिंपात आणि मग उलटी करून दुसऱ्या पिंपात बुडवली, त्याची ती खूण आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जुन्या दगडी बाटल्या आणि बरण्यांवरही हीच दुरंगी चाल दिसते.

ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर, शिकायला बरणीइतकं चांगलं भांडं मला दुसरं माहीत नाही. आत वर्षभर आंबट, खारट, तेलकट माल राहणार, म्हणून आतली बाजू चोख हवी. तोंडावर झाकण बसायला हवं, वरून दादरा बांधता यायला हवा. आणि ती फळीवर मांडलेली दिसणार, म्हणून देखणीही हवी. खाली जे लिहिते आहे ते अर्ध्या लिटरची बरणी आणि विजेची भट्टी डोळ्यांपुढे ठेवून. बरणी चाकावर काढलेली असो की मातीच्या वळ्या रचून केलेली असो, कृती तीच.

शब्दांचा एक घोळ आधी मिटवू. आपण हिला ‘चिनी मातीची बरणी’ म्हणतो, पण मातीच्या दुकानात चिनी माती मागितली तर केओलिनची पांढरी पूड मिळते. बरणी असते स्टोनवेअरची. ही माती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजून दगडासारखी घट्ट होते. कुंभाराचा माठ त्याच्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला भाजतात, म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो. बरणीने पाझरायचं नसतं.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळलेली काच

नव्याने शिकणारा माणूस ग्लेझला रंग समजतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्या एका समजुतीतून होतात. रंग वाळला की जसा दिसतो तसाच राहतो. ग्लेझ बादलीत गुलाबी असून भट्टीतून निळं निघू शकतं. ते वितळतं, सरकतं, मातीच्या वरच्या थरात थोडं विरघळतं आणि थंड होताना तिच्याबरोबर आकसतं. पितळेच्या पातेल्यावरची कल्हई झिजून निघून जाते. नीट जमलेलं ग्लेझ मात्र भांडं फुटेपर्यंत मातीला सोडत नाही.

त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. काच होणारी सिलिका, म्हणजे गारगोटीची पूड. ती एकटी वितळायला १७०० अंशांच्या वर तापमान लागतं. ते खाली आणायला फ्लक्स लागतो, म्हणजे वितळवणारे घटक: फेल्डस्पार या खनिजातले सोडियम-पोटॅशियम, खडूतलं कॅल्शियम, फ्रिटमधलं (म्हणजे आधीच वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीतलं) बोरॉन. आणि वितळलेली काच भांड्यावरून ओघळून जाऊ नये म्हणून तिला दाटपणा देणारं अ‍ॅल्युमिना, जे बहुतांशी चिनी मातीतून येतं. पुढे काही बिघडलं की या तिघांपैकी कोण कमी-जास्त झालं हा पहिला प्रश्न विचारायचा.

माती आणि ग्लेझ एकाच तापमानाचे हवेत

भांडी भाजणारे लोक अंशांपेक्षा कोनांत बोलतात. कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका. बर्लिनच्या हर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये ही पद्धत रूढ केली. आज आपण जे क्रमांक बोलतो ते अमेरिकन ऑर्टन कोनांचे. कोन ०६ म्हणजे सुमारे १००० अंश, कोन ६ म्हणजे सुमारे १२२० ते १२४०, आणि कोन १० म्हणजे सुमारे १२८५ ते १३०५. शून्य लावलेला ०६ आणि नुसता ६ यांत दोनशेहून अधिक अंशांचं अंतर आहे. ऐकताना घोटाळा होतो, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

स्टुडिओतल्या लहान विजेच्या भट्ट्या बहुधा कोन ६ ला चालवतात. तेव्हा माती घेताना ‘ही कोन ६ ला पक्की होते का?’ हे विचारूनच घ्या. कोन १० ची माती कोन ६ ला भाजली तर वरून चकाकी छान दिसते आणि आत माती सच्छिद्रच राहते. अशा बरणीच्या तळातून महिन्याभराने तेल पाझरतं. खात्री करायला त्याच मातीचा, ग्लेझ न दिलेला तुकडा कोन ६ ला भाजा, वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचा तुकडा २०४ ग्रॅम झाला तर शोषण २ टक्के. बरणीसाठी मी याहून जास्त चालवून घेत नाही.

पहिली सजावट ओल्या मातीवर

भट्टी लागण्याच्या कितीतरी आधी सजावट सुरू होते, आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर काम इथेच होतं. भांडं चामड्याइतकं सुकलेलं असताना, म्हणजे उचललं तर आकार बदलत नाही पण नखाने ओरखडा उठतो अशा वेळी, त्यावर स्लिप देता येते. स्लिप म्हणजे पाण्यात कालवलेली माती. शक्यतो भांड्याच्याच मातीची करा, म्हणजे दोन्ही सारख्या आकसतात. भांड्याची माती गडद असेल तर स्लिपसाठी पांढरी स्टोनवेअर माती घ्या, रंग हवा असेल तर तीत स्टेन (भट्टीत टिकणारी तयार रंगपूड) किंवा धातूचं ऑक्साइड घाला, आणि ८० मेशच्या, म्हणजे इंचाला ८० भोकं असलेल्या, चाळणीतून गाळून घ्या.

गडद मातीच्या बरणीवर पांढऱ्या स्लिपचे दोन हात द्या. पहिल्याची ओली चमक गेल्यावर दुसरा. तो हाताला लागेनासा झाला की टोकदार काडीने किंवा तारेच्या हत्याराने नक्षी ओरखडा. पांढऱ्याखालून माती उघडी पडते आणि रेघ गडद दिसते. याला स्ग्राफिटो म्हणतात. माती फार ओली असेल तर रेघेच्या दोन्ही कडांना गुठळ्या उठतात, फार सुकली असेल तर स्लिपचे कपचे उडतात. नेमकी वेळ हातालाच कळते, आणि ती कळायला पाच-सहा भांडी जातात. ओरखडल्यावर उठलेला भुगा लगेच बोटाने पुसू नका, तो स्लिपमध्ये चिकटून बसतो. पूर्ण वाळू द्या, मग मऊ कुंचल्याने झटका.

उठावाची नक्षी हवी असेल तर दाट स्लिप मेंदीच्या कोनात भरा. आपल्याकडे ज्या हातांना मेंदीची आणि ठिपक्यांच्या रांगोळीची सवय आहे त्यांना हे काम पहिल्याच दिवशी जमतं, हे मी शिकवताना अनेकदा पाहिलं आहे. कोनाचं टोक भांड्याला टेकवायचं नाही, किंचित वर धरून धार पडू द्यायची. ठिपका संपवताना दाब आधी सोडायचा आणि मग हात उचलायचा, नाहीतर शेपटी राहते.

तिसरा प्रकार भरणीचा. बारीक रेघ कोरायची, तीत वेगळ्या रंगाची स्लिप भरायची, आणि थोडं सुकल्यावर वरचा पृष्ठभाग पट्टीने खरवडायचा. रेघेतली स्लिप तेवढी उरते आणि रेघ छापल्यासारखी स्वच्छ येते. जपानी कुंभार याला मिशिमा म्हणतात.

तळाची किनार आणि झाकणाची खाच इथेच नीट करून घ्या. तळाच्या कडेला बाहेरून साधारण ३ मिलिमीटरची तिरपी खाच दिली तर पुढे ग्लेझ थांबवायला आयती सीमा मिळते.

कच्ची भाजणी

भांडं पूर्ण वाळल्यावर कोन ०६ ला पहिली भाजणी करायची. हिला बिस्क म्हणतात. वाळलं की नाही ते गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत पाणी आहे. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत वरून कोरडं दिसणारं भांडं आतून आठवडाभर ओलसर राहतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी भट्टी आधी ८०-९० अंशांवर चार-पाच तास धरून ठेवते. त्यानंतर ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंशांहून वेगाने जाऊ नका. साधारण ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झचे स्फटिक एकदम फुगतात. तिथे घाई केली की तडा जातो.

बिस्क झालेलं भांडं घट्ट असतं पण पाणी पितं. हे पिणंच आपल्या कामाचं. बुडवलेल्या भांड्याने पाणी ओढून घेतलं की ग्लेझची पूड थर होऊन बाहेर उरते.

ग्लेझ कालवणं

तयार ग्लेझ विकत मिळतं आणि पहिल्या दोन-तीन भांड्यांना ते घ्यायला काहीच हरकत नाही. पण एकदा तरी स्वतः कालवा, त्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही.

कोन १० साठी सगळ्यात सोपी कृती इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाने ओळखली जाते: फेल्डस्पार ४०, गारगोटी ३०, कॅल्शियम कार्बोनेट २०, चिनी माती १०. चार, तीन, दोन, एक. कोन ६ ला ही नीट वितळत नाही. तिथे बोरॉन लागतं, आणि त्यासाठी जगभरचे कुंभार पाच गोष्टी प्रत्येकी २० टक्के घेतात: फेल्डस्पार, बोरॉनचं फ्रिट (मूळ कृतीत फेरो कंपनीचं ३१३४), वोलॅस्टोनाइट (कॅल्शियम आणि सिलिका असलेलं खनिज), चिनी माती आणि गारगोटी. पारदर्शक, चकचकीत ग्लेझ मिळतं. आपल्याकडे मिळणारं फ्रिट अगदी त्याच घडणीचं असेलच असं नाही आणि फेल्डस्पारही दर खाणीचं थोडं वेगळं असतं, म्हणून ही कृती सुरुवात समजा आणि आधी त्याच मातीच्या नमुन्याच्या पट्टीवर भाजून बघा. नवं पोतं फोडलं की पुन्हा एक पट्टी भाजायची.

वजन करण्याआधी मास्क लावा, साधा कापडी नाही तर एन-९५ किंवा त्याहून वरचा. सिलिकाची बारीक पूड फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. पंखा बंद ठेवा. काम झाल्यावर झाडू फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. लहान मुलं त्या खोलीत नकोत. या बाबतीत मी कुणाचीही भीड धरत नाही.

१ किलो कोरड्या मिश्रणाला आधी ८०० मिलिलिटर पाणी बादलीत घ्या आणि पूड पाण्यावर भुरभुरवा. उलट केलं तर गुठळ्या होतात आणि धूळ उडते. तासभर भिजू द्या, ढवळा, ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. आता मोजमाप. धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ, दुधापेक्षा दाट असं सांगण्याची पद्धत आहे, पण डोळा फसतो. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ग्लेझ घ्या आणि पात्राचं वजन वजा करून तोला. १४५ ग्रॅम भरलं तर घनता १.४५. बुडवण्यासाठी १.४० ते १.५० मध्ये ठेवा आणि जो आकडा तुमच्या भांड्यांना मानवेल तो वहीत लिहा. पुढच्या वेळी त्याच आकड्यावर आणा.

एका गोष्टीने मला बरेच महिने छळलं. ग्लेझ रात्रभरात तळाशी सिमेंटसारखं बसायचं. त्यावर उपाय दोन आहेत. कालवतानाच पुडीच्या २ टक्के बेंटोनाइट माती घाला. तरीही बसत असेल तर एप्सम सॉल्ट, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट, गरम पाण्यात विरघळवून काही थेंब घाला आणि ढवळा. ग्लेझ सायीसारखं मऊ होतं आणि कण तरंगत राहतात. थेंब म्हणजे खरोखर थेंब. जास्त पडलं की दह्यासारखं थिजतं. बोअरवेलच्या जड पाण्यातल्या क्षारांनीही असंच होतं, म्हणून नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा.

रंगासाठी हेच पारदर्शक ग्लेझ वाटून घ्या. बरणीच्या वरच्या भागाच्या तपकिरीसाठी लाल आयर्न ऑक्साइड ८ ते १० टक्के. मधासारखा पिवळसर हवा तर ४-५ टक्के. सायीसारखा पांढरा हवा तर झिर्कोनियम सिलिकेट १० टक्के. निळ्यासाठी कोबाल्ट कार्बोनेट अर्धा ते एक टक्का पुरतं. कोबाल्ट महाग आहे आणि जोरकसही, किलोला १० ग्रॅम घातलं तरी गडद शाईचा रंग येतो. कॉपर कार्बोनेट २ ते ४ टक्क्यांनी हिरवा देतं, पण ते बाहेरूनच वापरा. आंबटाशी संबंध आला की तांबं ग्लेझमधून सुटू शकतं.

बरणीच्या आत मी फक्त पारदर्शक किंवा पांढरं चकचकीत ग्लेझ देते. मॅट, म्हणजे चकाकी नसलेलं, नाही, मँगनीज नाही, बेरियम नाही.

सेलाडॉन या जुन्या चिनी ग्लेझचा हिरवट पाण्यासारखा रंग किंवा तांब्याचा लाल रंग विजेच्या भट्टीत या मार्गाने येणार नाही. त्यासाठी ज्वाळेची भट्टी आणि ऑक्सिजन कमी केलेली हवा लागते. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथे तयार झालेल्या अनेकांनी ज्वाळेच्या भट्टीतलं स्टोनवेअर भारतभर नेलं. तिकडे वळायचं असेल तर आधी विजेच्या भट्टीत हात बसू द्या.

पट्टी भाजल्याशिवाय बरणीला हात लावू नका

त्याच मातीच्या बोटभर उंच, इंग्रजी एल अक्षरासारख्या उभ्या राहतील अशा पंचवीस-तीस पट्ट्या करून बिस्क करून ठेवा. उभ्याच हव्यात. आडव्या पट्टीवर ग्लेझ ओघळतं की नाही ते कळत नाही. अर्ध्या भागावर एकदा बुडवा, वरच्या टोकाला दुसऱ्यांदा. एकाच पट्टीवर दोन जाड्या दिसतात. पाठीमागे आयर्न ऑक्साइडच्या पाण्याने क्रमांक लिहा. पेन्सिल भट्टीत जळून जाते.

आयर्नचा उतारा करून पाहण्यासारखा आहे: ०, २, ४, ६, ८, १० टक्के अशा सहा पट्ट्या. फिकट गव्हाळ ते जवळजवळ काळा, सगळा प्रवास एका ओळीत दिसतो आणि बरणीसाठी कोणता घ्यायचा ते बोट ठेवून ठरवता येतं.

बिस्कवर चित्र

इथे अंडरग्लेझ नावाचे तयार रंग वापरतात. दोन-तीन पातळ हात द्यायचे आणि वरून पारदर्शक ग्लेझ. आयर्न किंवा कोबाल्ट ऑक्साइड पाण्यात कालवूनही रंगवता येतं, पण त्यात चिमूटभर फ्रिट टाका, नाहीतर ते भांड्यावर कोरडं बसतं. अंडरग्लेझचा थर फार जाड झाला तर वरचं ग्लेझ त्यावरून मागे सरकतं. एवढं सांभाळलं की बाकी चित्रकारी तुमची.

मेणाची नक्षी मात्र जरूर करा. बिस्कवर पातळ मेणाने फांद्या-पानं काढली आणि भांडं ग्लेझमध्ये बुडवलं की मेणावरून ग्लेझ घसरतं आणि भाजल्यावर नक्षी उघड्या मातीची राहते. पाण्यात मिसळणारं तयार मेण घ्या. मेणबत्ती वितळवून करायचं असेल तर उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवा, थेट आचेवर मेण पेट घेतं. मेणाचा थेंब नको तिथे पडला तर खरवडून जात नाही. भांडं पुन्हा बिस्क करावं लागतं.

बुडवायचा दिवस

बिस्क भांडं ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजाने पुसा. हाताला क्रीम किंवा तेल नको. बोटाचा तेलकट ठसाही ग्लेझला दूर सारतो. पुसल्यावर दोन-तीन तास वाळू द्या. मग तळाच्या किनारीला, तोंडाच्या खाचेला आणि झाकणाच्या टेकणाऱ्या कडेला मेण लावा. झाकण भट्टीत बरणीवरच ठेवायचं, म्हणजे दोन्ही एकत्र आकसतात आणि नीट बसतात. म्हणून तिथल्या मेणात थोडं अ‍ॅल्युमिना हायड्रेट कालवा, नाहीतर उघडी मातीसुद्धा उघड्या मातीला धरून बसते.

आधी आतून. ग्लेझ तळापासून ढवळा. बरणीत अर्ध्यापर्यंत ओता, तिरपी करून फिरवत फिरवत सगळीकडे लावा आणि फिरवतच बाहेर ओता. चार-पाच सेकंदांत सगळं झालं पाहिजे. तोंडावर ओघळलेलं ओल्या स्पंजाने पुसा. आता थांबा. बरणीने पाणी प्यायलं आहे. लगेच बाहेरून बुडवली तर बाहेर ग्लेझ बसणारच नाही. उन्हाळ्यात दोन तास, पावसाळ्यात सरळ दुसरा दिवस.

मग बाहेरून. खालचा रंग आधी. बरणीचं तोंड आतून बोटांनी ताणून धरा, सरळ खाली हव्या त्या उंचीपर्यंत बुडवा, मनात एक-दोन-तीन म्हणा आणि सरळ वर काढा. वाळल्यावर उलटी करा. आता तोंड खाली ठेवून तपकिरी ग्लेझमध्ये अगदी सरळ बुडवायची. ती सरळ राहिली तर आत हवा कोंडून राहते आणि तपकिरी ग्लेझ आत शिरत नाही. जराशी तिरपी झाली की बुडबुडा निघतो आणि आत डाग पडतो. दोन्ही ग्लेझ जिथे एकमेकांवर येतात तो पट्टा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा रुंद करू नका. तिथे थर दुप्पट असतो आणि वितळल्यावर तोच खाली सरकतो. कित्येकदा त्या सरकण्यातून फार सुंदर कड येते. तिला जागा द्या, म्हणजे रेघ वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा.

थराची जाडी सुईने न दिसणाऱ्या जागी टोचून बघा. साधारण पोस्टकार्डाच्या तीन घड्यांएवढा, म्हणजे एक मिलिमीटरच्या आतबाहेर असावा. बोटांचे ठसे कुंचल्याने थेंब सोडून भरा आणि वाळल्यावर बोटाने हलके घासून सपाट करा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तीही बोटाने घासून बुजवा. ती भट्टीत आपोआप भरतील या भरवशावर राहू नका.

शेवटी तळ. मेण लावलं असलं तरी ओल्या स्पंजाने पुसा. ग्लेझ ओघळणारं असेल तर तळाच्या वर आणखी ५ मिलिमीटर मोकळं ठेवा. माझी पहिली बरणी मी तळापर्यंत न पुसता भट्टीत ठेवली होती. ती फळीला अशी जडली की छिन्नी लावल्यावर तळ फळीवर राहिला आणि बरणी हातात आली. भट्टी सगळ्यांची होती, फळीचे पैसे भरले, आणि तेव्हापासून तळ दोनदा पाहते.

ग्लेझची भट्टी

भट्टीच्या फळ्यांना अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती समसमान घेऊन पाण्यात कालवलेला लेप दोनदा लावलेला असावा. भांड्यांत बोटभर अंतर ठेवा. वितळलेल्या ग्लेझची दोन भांडी टेकली की ती एकच होतात. नव्या ग्लेझच्या भांड्याखाली त्याच मातीची पातळ बिस्क चकती ठेवा. भट्टीच्या झडपेतून दिसेल असा कोन ५, ६, ७ चा संच लावा. यंत्रावरचा आकडा तापमान सांगतो. कोन उष्णतेचं काम किती झालं ते सांगतो, आणि ग्लेझला तेच कळतं.

वेग असा ठेवते: ६०० पर्यंत तासाला १०० ते १२०, पुढे ११०० पर्यंत १५०, शेवटच्या टप्प्यात ६० ते ८०. वर पोहोचल्यावर १० ते १५ मिनिटं तिथेच धरायचं, म्हणजे बुडबुड्यांची भोकं बुजायला वेळ मिळतो. झडपेतून बघताना भट्टीचा गडद चष्मा लावा. मग बंद करून विसरा. १०० अंशांखाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. गार हवेचा झोत लागला की ग्लेझ तडकल्याचा टिण्टिण् आवाज येतो, आणि तो ऐकणं फार वाईट असतं.

घरी भट्टी घेण्याआधी वीजजोडणीचा मंजूर भार तपासा. पुण्या-मुंबईत कित्येक स्टुडिओ भट्टीतली जागा भाड्याने देतात. पहिलं वर्ष त्यावर सहज निघतं. तुमची माती आणि ग्लेझ कोणत्या कोनाचं आहे ते त्यांना लिहून द्या.

काही बिघडलं तर

ग्लेझ मागे सरकून माती उघडी पडली असेल तर धूळ, तेलकट हात किंवा जास्त जाड थर यांपैकी काहीतरी आहे. वाळताना ग्लेझला भेगा दिसल्या होत्या का ते आठवा. दिसल्या असतील तर थर जाड होता.

टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहिली तर बिस्क थोडी वरच्या तापमानाला, कोन ०४ ला करून बघा आणि ग्लेझच्या भट्टीत वरचा थांबा वाढवा. मातीतून निघणारा वायू आधीच निघून जायला हवा.

जाळीसारख्या बारीक भेगा म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. फुलदाणीला त्या शोभतात. बरणीला चालत नाहीत, मसाला आणि तेल त्यांत शिरतं. गारगोटीची पूड ५ टक्क्यांनी वाढवून पुन्हा पट्टी भाजा. याच्या उलट, कडेवरून ग्लेझचे पातळ धारदार कपचे सुटत असतील तर माती जास्त आकसली आहे. असं भांडं खाण्यासाठी वापरू नका, फोडून टाका. ते कपचे अन्नात पडतात.

खरखरीत, कोरडं, अर्धवट दिसणारं ग्लेझ बहुधा कमी भाजलेलं किंवा फार पातळ बसलेलं असतं. अशी बरणी परत करता येते. भांडं हाताला गरम लागेल इतकं तापवा, दाट कालवलेलं ग्लेझ कुंचल्याने किंवा फवाऱ्याने द्या, पुन्हा भाजा.

लोणचं भरण्याआधी

तळाची किनार बारीक सँडपेपरवर पाण्यात घासून घ्या, फळीवर ओरखडे पडत नाहीत. लिंबाची चकती आतल्या ग्लेझवर आणि एक बाहेरच्या तपकिरीवर ठेवून रात्रभर झाका. सकाळी चकतीखालचा रंग फिका किंवा चमक मंद झाली असेल तर ते ग्लेझ आंबटाला टिकणारं नाही, बरणी कोरड्या वस्तूंसाठी ठेवा. लिंबू पार झालं तरी ती घरगुतीच पारख आहे. विक्रीसाठी बरण्या करणार असाल तर एक नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

मग काठोकाठ पाणी भरून बरणी वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवा. कागद कोरडा राहिला तर पाणी ओतून बरणी उन्हात खडखडीत वाळवा. वहीत मातीचं नाव, ग्लेझची घनता, किती सेकंद बुडवली, कोणता कोन कितपत वाकला आणि बरणी भट्टीत कुठल्या फळीवर होती ते लिहा. मग लोणचं भरा, वर तेलाचा थर येऊ द्या आणि दादरा बांधा.